रमा दचकली नाही

आमचा पंक बँड म्हणजे मी, माझा भाऊ आणि भिंतींना गोधड्या टांगलेली माहेरची खोली. तिथे केलेली रेकॉर्डिंग भावाने परवा पाठवली. ऐकायला लावली, तर फोन नेमका हॉलमधल्या मोठ्या स्पीकरला जोडलेला. माझीच किंकाळी घरभर घुमली. सहा महिन्यांची रमा स्पीकरशेजारी झोपली होती. ती हललीसुद्धा नाही.

हिला ऐकू येत नसेल तर? शहाणी आई आधी आवाज बंद करते. मी तिच्या पापण्या बघत बसले.

सासूबाई धावत आल्या. "आत्या, रमा दचकली न्हाई," मी त्यांना म्हणाले.

त्यांनी तिच्या कानाशी थाळी बडवली. रमा ढिम्म. त्यांचाही चेहरा उतरला.

"हे बोंबलणं कोणाचं?"

"माझंच. बाळंतपणाला माहेरी गेल्ते, तेव्हाचं."

"तिथं आराम कर म्हणून धाडल्तं तुला." त्या खाली बसल्या. "मंग पोरगी कशाला दचकंल? पोटात हेच ऐकलंय तिनं."

मला पटेना. डॉक्टरांना फोन लावायला मी गाणं थांबवलं. घर शांत झालं, आणि रमाने डोळे उघडून भोकाड पसरलं.

"लाव माय," थाळी बाजूला ठेवत सासूबाई म्हणाल्या, "परत लाव."