मांगं, आचल, मांगं!

(देवरीचं मैदान, दुपार. सामन्याचं मध्यंतर. भंडाऱ्याच्या पोरी एका गोलनं पुढे आहेत. गोंदियाच्या पोरी पाण्याच्या ड्रमाजवळ. अलीकडे, कनातीच्या कडेला, तिघं : गोंदिया संघाचे नवे मुख्य प्रशिक्षक दुर्गाप्रसाद, सहायक अल्का आणि क्रीडा मंडळाचे सचिव हिरालाल.)

दुर्गाप्रसाद : बस्स, मॅडम. आचल बाहेर. तिच्या जागी खुशी जाईल.

अल्का : सर, आचल कॅप्टन आहे.

दुर्गाप्रसाद : कॅप्टन है तो क्या हुआ? समोर मैदान खुला, बॉल तिच्याकडेच येणार, आणि ही उलटी पळते. पीछे! ये हॉकी है?

अल्का : आज निवड समितीची माणसं मांडवात बसलीत. आत्ता तिला बाहेर काढलं तर पुन्हा कोण कधी पाहणार तिला?

दुर्गाप्रसाद : जे पाहायचं ते त्यांनी पाहिलं. एक डरपोक लडकी पाहिली.

अल्का : डरपोक? मागच्या साली तोंडावर स्टिक बसली होती तिच्या. रक्त थुंकली अन् पुन्हा उभी राहिली. तुम्ही नव्हता तेव्हा.

दुर्गाप्रसाद : हां. मी नव्हतो. यही तो बात है. तीन आठवडे झाले, तुम्ही रोज हेच बोलता मला. तोंडाने नाही, डोळ्यांनी.

हिरालाल : अरे, हळू बोला ना बाप्पा. पोरी आयकून राहिल्या. चहावाल्या रुख्माबाईले चहा सांगू का?

अल्का : चहा नको, काका. तुम्ही सचिव आहात, तुम्हीच सांगा. ही टीम कोणी उभी केली? मैदान नव्हतं तेव्हा मुर्री गावात धान कापल्यावरच्या बांधीत खेळवलं मी यांना. धसकटं टोचायची पायाला. तेव्हा कुठे होतं तुमचं मंडळ?

हिरालाल : हव ना वो बाई, तूच केली. कोन नाई म्हन्ते? पन मंडळात विचार झाला. फायनलपर्यंत जाता अना हारून येता. मुलांच्या खेळातला मानूस आनला का पोरींचा खेळ सुधरते, असं सगळ्यांचं मत पडलं.

अल्का : सगळ्यांचं म्हणजे कोणाचं? मंडळात बाया किती?

हिरालाल : सावित्रीबाई हायेत ना.

अल्का : त्या चहापान पाहतात, काका.

हिरालाल : मस्त पाहतेत पन.

अल्का : अन् आपली मुलांची टीम? ती तं फायनलपर्यंत बी नाही जात. तिच्यासाठी म्हटलं का कधी मंडळानं, का बा, बायांच्या खेळातली एखादी बाई आणू, मुलांचा खेळ सुधरेल?

हिरालाल : आता तसं... तसं कोनाच्या डोक्यातच नाई आलं.

अल्का : तेच तं.

दुर्गाप्रसाद : मॅडम, मेरे को ताना मत दो. मी हात जोडून आलो नव्हतो इथे. राजनांदगावला माझे लडके मैदानावर वाट बघतात. हिरालालजी तीन वेळा आले घरी, तेव्हा हो म्हटलं. और सुनो, स्टिक स्टिक असते. लडका हो या लडकी, शिकवायचं तेच असतं.

अल्का : स्टिक तीच, सर. पण पोरगा चुकला तर तुम्ही म्हणता, बॉल चुकला. पोरगी चुकली की बाईपण काढता.

दुर्गाप्रसाद : मी असं काही बोललो नाही.

अल्का : तिरोड्याच्या मॅचहून येताना. बसमध्ये. 'घर जाके रोटी बेलो.'

दुर्गाप्रसाद : वो... गुस्से में. लडकों को तो मी याहून खराब बोलतो. हसतात साले.

अल्का : हसतील. त्यांना घरी पोळ्या लाटायच्या नसतात. आचल पोळ्या लाटूनच पहिली बस धरते, सर. तुम्ही शिवी म्हणून बोलला, तिला वाटलं सरांना आपल्या घरचं माहीत आहे. गावापर्यंत खाली मान घालून बसली होती.

हिरालाल : झालं, आता चुपचाप व्हा दोघं बी. मी एक गोष्ट सांगतो.

दुर्गाप्रसाद : हिरालालजी, दस मिनिट का मध्यंतर है. कीर्तन नको.

हिरालाल : कीर्तनाचीच हाये, पन लहान हाये. आमच्या सप्ताहात एक बुवा आले होते. लय नामी मानूस. दूरदूरून बोलावनं ये त्याईले. उभे राहिले, अभंग धरला. पन चाल त्याईची वेगळी, अना मांगं आमी टाळकरी उभे, आमाले आमची चाल पाठ. बुवा वर चढे तं आमी खाली येवो. बुवा डोळे वटारून पाहे, आमी अजून जोरानं टाळ हानो. बुवाले वाटे, का हे गावंढळ मुद्दाम करून राहिले. आमाले वाटे, बुवा आमाले कमी लेखून राहिला. नामाचा पार चुराडा. मंग आमचे मृदंगवाले केवलरामबुवा...

दुर्गाप्रसाद : हिरालालजी!

हिरालाल : संपलंच. केवलरामबुवानं मृदंगावरचा हातच काढून घेतला. एकदम शांत. तवा कीर्तनकार बुवानं मांगं वळून पाह्यलं.

दुर्गाप्रसाद : फिर?

हिरालाल : फिर काय? इचारलं त्याईनं, 'तुमची चाल कोणती, माउली?' इतकंच.

दुर्गाप्रसाद : बहुत अच्छा. आता मी खुशीला सांगू, की वॉर्मअप कर?

अल्का : खुशीला सांगा. मीही पिशवी उचलते. आचल बाहेर बसली तर बाकावर तिच्याजवळ मी नसणार, बसस्टँडवर असेन.

दुर्गाप्रसाद : धमकी?

अल्का : नाही. पोरी विचारतील, 'बाई काऊन गेल्या?' तेव्हा तुम्हीच सांगा त्यांना काय ते.

हिरालाल : अल्का! मॅच अर्धी हाये अना तू चालली? असं भर रंगात टाळ खाली ठेवते का कोनी? सर, मी एक इचारू का? राग नोका मानू. मले हॉकीतलं काई समजत नाई, मी मैदानाबाहेरचा मानूस.

दुर्गाप्रसाद : विचारा.

हिरालाल : आपन एका गोलनं मांगं हावोत. मंग तुमी पोरींले अजून मांगं कायले पाठवून राहिले?

दुर्गाप्रसाद : कौन पाठवतो?

हिरालाल : तुमी. पह्यल्या शिट्टीपासून. माह्या बाजूले टेकचंद बसला होता, तो बी म्हने, 'हा गुरुजी कसा गा? गोल मारायचा सोडून पोरींले बचावाले बोलावते.'

दुर्गाप्रसाद : मैं? मी तर घसा फाडून सांगतो, पुढे जा!

अल्का : नाही सांगत तुम्ही, सर. मीही शेजारीच उभी होते. मलाही तेच वाटत होतं, तीन आठवडे. का बा, मुलांच्या टीमला हा माणूस हल्ला शिकवतो, अन् आमच्या पोरी म्हणून यांना मागं दडवून ठेवतो.

दुर्गाप्रसाद : मॅडम, कसम से. मी एकदाही पीछे म्हटलं नाही.

हिरालाल : अरे, आमचे कान फुटले का? 'मांगं, आचल, मांगं!' आख्ख्या मांडवानं आयकलं.

दुर्गाप्रसाद : माँग! मी म्हटलं, माँग! बॉल माँग! हात दिखा, आवाज दे, बोल मुझे दे! सगळ्या हिंदुस्थानात प्लेअर बॉल मागतो!

अल्का : ...थांबा.

हिरालाल : काय झालं?

अल्का : थांबा, काका. सर, पुन्हा म्हणा.

दुर्गाप्रसाद : माँग.

अल्का : असं हळू नको. लाइनीवरून ओरडता तसं. त्या पोरी ड्रमाजवळ उभ्या आहेत ना, त्यांच्याकडे पाहून ओरडा. आचलचं नाव घेऊन.

दुर्गाप्रसाद : इससे क्या होगा?

अल्का : ओरडा तं खरं.

दुर्गाप्रसाद : आचल! माँऽऽग! माँऽऽग, आचल!

हिरालाल : अगा माय वो! सरकली पाहा. ड्रमालेच जाऊन धडकली पोरगी. पानी सांडलं सारं.

अल्का : अन् बाकीच्या?

हिरालाल : त्या बी. साऱ्याच मांगं.

दुर्गाप्रसाद : ये... ये क्या है?

अल्का : आमच्याकडे मागे जा असं म्हणायचं तर 'मांगं' म्हणतात, सर. 'मांगं सरक.' बांधीत खेळत होतो तेव्हापासून मी हेच ओरडत आले. समोरची टीम चढली की 'मांगं!' झोपेत म्हटलं तरी सरकतील.

दुर्गाप्रसाद : मतलब मी जितना चिल्लाया...

अल्का : तितक्या मागं गेल्या. तुमचंच ऐकलं त्यांनी. उलट्या पळाल्या नाहीत.

दुर्गाप्रसाद : हे भगवान. आणि मी त्यांना... तिरोड्यालाही हेच?

अल्का : तिरोड्यालाही हेच.

हिरालाल : हसावं का रडावं बाप्पा!

दुर्गाप्रसाद : पण कोणी बोललं का नाही? आचल तोंड का उघडत नाही?

अल्का : उघडलं होतं. माझ्याजवळ. 'बाई, सर मले भेकड म्हन्तेत, अना सोताच मांगं बोलावतेत.' मी म्हटलं, सर मोठे आहेत, उलट नको बोलू.

दुर्गाप्रसाद : आणि तुम्ही? तुम्ही तर बोलू शकत होता.

अल्का : सहायक म्हणून ठेवलं ना मला. म्हटलं, सहाय करू. तोंड कशाला चालवू?

दुर्गाप्रसाद : मॅडम, मी लडकों के साथ असतो तर एक तरी गधा पूछता, सर, ये क्या बोल रहे हो?

अल्का : आमच्या पोरी नाही विचारत. मुलांच्या खेळातून आलेल्या माणसाला तेच आधी शिकावं लागतं. त्या नाही विचारत, म्हणून आपण विचारायचं.

दुर्गाप्रसाद : ...आचल खेळेल.

अल्का : कॅप्टन म्हणून?

दुर्गाप्रसाद : कॅप्टन म्हणून. और मैं उससे माफी मांगूंगा. मॅचनंतर नाही, आत्ता.

हिरालाल : वा सर! बुवानं मांगं वळून पाह्यलं.

अल्का : तुम्ही गप्प बसा, काका. तुमच्याशी वेगळं बोलायचं आहे.

हिरालाल : मी काय केलं आता?

अल्का : मला मुख्य काऊन नाही केलं? मुलांच्या खेळातला माणूस पाहिजे, हे झालं मंडळाचं. तुमचं सांगा. तुम्ही तं बांधीत येऊन बसायचे आमचा खेळ पाहायला. सप्ताहातला प्रसाद आणायचे पोरींसाठी.

हिरालाल : खरं सांगू? तू कधी मांगतलंच नाई. आमी वाट पाहिली दोन मीटिंगा. तू चुपचाप. मले वाटलं, का तुले मांगं राहूनच काम करनं बरं वाटते.

अल्का : जे काम दिसून राहिलं, ते बी मांगावं लागते का?

हिरालाल : नाई लागाले पाह्यजे. पन लागते वो. आमीच तसे हावो.

अल्का : मग आता मांगून राहिली. पुढच्या सालपासून ही टीम माझ्या हाती द्या. मुख्य म्हणून.

हिरालाल : अवो, मॅच तं होऊ दे. जितलो तं मंडळात मले बी बोलाले बरं...

अल्का : नाही. हरलो तरी.

हिरालाल : हरलो तरी?

अल्का : हरलो तरी. मुलांच्या प्रशिक्षकाला तुम्ही हरल्यावर काढलं का कधी?

दुर्गाप्रसाद : हिरालालजी, मंडळाला माझ्याकडून सांगा. या सालचं मी पूर्ण करतो, मॅडम म्हणतील तसं. त्यानंतर मी राजनांदगावचा. कधी बोलावलं तर पेनल्टी कॉर्नर शिकवायला येईन.

अल्का : पेनल्टी कॉर्नर चांगला शिकवता तुम्ही. ते मी पोरींनाही सांगते.

हिरालाल : ठीक हाये मंग. मंडळात मी उभा राहून बोलतो. मांगं बसून नाई.

अल्का : सगळ्यांसमोर?

हिरालाल : माळ हाये गळ्यात, अल्का. खोटं नाई बोलत.

दुर्गाप्रसाद : शिट्टी झाली. मॅडम, जल्दी. बॉल मागायला यांचा शब्द कोणता?

अल्का : 'दे.' पण ते त्या एकमेकींना म्हणतात. तुम्ही नका म्हणू.

दुर्गाप्रसाद : आणि आगे पाठवायचं असेल तर? मी काय ओरडू?

अल्का : ओरडायचं नाही. त्यांच्यापुढं लाइनीवर चालत राहायचं अन् नुसतं 'ये' म्हणायचं.

दुर्गाप्रसाद : बस, इतना ही?

अल्का : इतकंच, सर. 'ये' म्हटलं का येतेत त्या.