चहाबरोबरची गोळी

अलिबागच्या एका डायलिसिस केंद्राबाहेर प्रणाली वडिलांची वाट पाहत बसली होती. शेजारच्या बाकावर चौलचे बुधाजी आणि त्यांची बायको जनी दबक्या आवाजात बोलत होते.

"अवो, चायबरोबर मी तुमाला दिली ना, ती प्रेशरची गोळी व्हती."

"डायलिसिसच्या दिवशी सकाली ती घ्यायची न्हाय, डॉक्टरांनी सांगितलंय ना?"

"डोकं जड हाय म्हनालात, मी घाबरले."

"गेल्या खेपेला मशीनवरच प्रेशर उतरलं, अंधारी आली. इसरलीस?"

"न्हाय इसरले. म्हनून तर इचारते. सिस्टरला सांगू?"

"नको, परत पाठवतील. अंगात पानी साठलंय, दम लागतोय मला."

"आनि आत काय झालं तर?"

जनी उठली आणि दारातल्या सिस्टरला तिने सगळं सांगून टाकलं. प्रणाली कान देऊन ऐकू लागली.

"बरं झालं आधीच सांगितलंत. प्रेशर बघते आणि डॉक्टरांना विचारते. आज पाणी सावकाश काढावं लागेल."

"सिस्टर, हिला पन आत बसू द्या. भायेर एकटी बसली तर भिऊन मरंल," बुधाजी म्हणाले. पण जनीचा हात त्यांनीच घट्ट धरला होता.