अप्पांच्या कानांवरचे हात

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या संस्थेचे आधारस्तंभ आदरणीय धर्मराज भाऊसाहेब, मुख्याध्यापक रामप्रसाद सर, व्यासपीठावरील संस्थेचे सन्माननीय संचालक, ज्यांच्यासाठी आपण जमलो त्या दैवशाला बाई, पहिल्या रांगेत बसलेले त्यांचे वडील, म्हणजे आपल्या गावाचे अप्पाराव, माझे सहकारी शिक्षक, पालक, गावकरी, आणि ज्यांच्या चुळबुळीवरून भाषण किती लांबलं हे कळतं ते माझे विद्यार्थी, सर्वांना माझा नमस्कार.

मी बद्रीनाथ. या शाळेत मराठी शिकवतो. सूत्रसंचालन करणाऱ्या मॅडमनी आत्ताच मला ‘ओघवते वक्ते’ म्हटलं. तो ओघ आज सकाळपासून आटला आहे. पहाटे अंघोळ करून मी पिंपळगावला रेणुकाईच्या दर्शनाला गेलो होतो. लोक आईकडे पीकपाणी मागतात, लेकरंबाळं मागतात. मी म्हणालो, आई, आज पाच मिनिटं बोलायचं आहे, तोंडातून भलतं काही निघू देऊ नकोस. परत येताना गाडीवर मला प्रश्न पडला, की भलतं म्हणजे मी नेमकं काय म्हणालो? खोटं निघू देऊ नकोस, की खरं निघू देऊ नकोस? आईलाही मी कोड्यात टाकून आलो बहुधा.

घरून निघताना आमच्या मंडळींनी बजावलं, “बाईचे गुण गा अन् खाली बसा. पोरगी बारावीला हाय आपली.” शाळेच्या फाटकात रामप्रसाद सर भेटले. ते म्हणाले, “सर, वैयक्तिक कारणास्तव, एवढंच. बराबर?” मी म्हणालो, “बराबर.”

तर मंडळी, दैवशाला बाई वैयक्तिक कारणास्तव आपला निरोप घेत आहेत.

माइक जरा शिट्टी मारतो आहे. सुमित, आवाज थोडा कमी कर बाळा. हा सुमित आपल्याच शाळेचा विद्यार्थी. आता गावात लग्न असो, सभा असो, मिरवणूक असो, साउंड त्याचाच असतो. अभिमान वाटतो. दहावीला मराठीत तो काठावर पास झाला होता, पण आज माझा आवाज त्याच्या हातात आहे.

बाईंचे गुण गायचे तर सुरुवात आगपेटीपासून करावी लागेल. बाई विज्ञान शिकवतात. शिकवत होत्या, असं म्हणायची सवय मला अजून लागलेली नाही. ध्वनीचा धडा आला, की त्या दोन रिकाम्या आगपेट्या आणि लांबलचक दोरा घेऊन वर्ग बाहेर काढायच्या. एक पेटी व्हरांड्यात एखाद्या पोराच्या तोंडाशी, दुसरी थेट ऑफिसच्या खिडकीत रामप्रसाद सरांच्या कानाशी. एका वर्षी एक पोरगी पेटीत कुजबुजली, “सर, तुमचं पेन गळून राह्यलं, खिसा पाहा.” सरांनी खिसा पाहिला. शर्ट निळा झाला होता. सरांना आठवत असेल. हसतायत, म्हणजे आठवतंय. त्या दिवशी बाईंनी पोरांना सांगितलेलं मी खिडकीतून ऐकलं होतं. ओरडू नका, दोरा ताणून धरा. सैल सोडला, की कितीही बोंबला, तिकडं काहीच जात न्हाई.

बाई विनाअनुदानित तुकडीवर होत्या. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो, दरवर्षी जूनमध्ये संस्थेने नवी ऑर्डर दिली तर नोकरी, नाही दिली तर नाही. अशा कितीतरी जूनमधून बाई गेल्या. या वर्षी मात्र जूनपर्यंत थांबावं लागलं नाही. दिवाळीच्या सुट्टीआधीच आपण शाल आणि श्रीफळ आणलं.

गणपतीनंतर आपली शाळा फार शांत झाली आहे. पालकांना वाटत असेल, शिस्त आली. पूर्वी परिपाठात आम्ही शिक्षक आळीपाळीने एखादी गोष्ट सांगायचो. आता दिनविशेष वाचतो, तोही कॅलेंडरमागे छापलेला. मी रोज पहाटे शिक्षकांच्या ग्रुपवर अभंगाची एक ओळ टाकायचो. आता ओळ लिहितो, वाचतो, हिचा कुणाला काय अर्थ लागेल याचा विचार करतो आणि पुसतो. मंग म्हटलं, नुसतं फूल पाठवावं. कमळ पाठवलं तर एक सहकारी म्हणाले, “सर, निवडणुका हायेत, कमळ कशाला?” दुसऱ्या दिवशी झेंडू पाठवला. ते म्हणाले, “भगवा हाय.” तिसऱ्या दिवशी फक्त हिरवं पान होतं. तिथं मी थांबलो.

हसा तुम्ही. मीही हसलो होतो. पण त्या दिवशी घरी जाऊन मी मागच्या कितीतरी वर्षांचं माझं लिहिलेलं उघडून बसलो. स्वतःचंच लिहिलेलं पोलिसासारखं तपासत होतो. स्टाफरूममध्ये आता मोबाइल टेबलावर पालथे असतात. एक सहकारी मला म्हणाल्या, त्यांचं नाव घेत नाही, “सर, तुमाला आता भीती वाटून राह्यली. आम्ही तर मोबाइलवरचा आमचा फोटो कवाच काढून टाकला.” एवढं बोलून त्या वह्या तपासू लागल्या. इतकी वर्षं आम्ही एकाच टेबलावर डबा खाल्ला. त्यांच्या मोबाइलवर त्यांचा फोटो नाही, फक्त आकाश आहे, हे मी पाहिलं होतं. का नाही, हे कधी विचारलं नव्हतं.

असो. मुख्य विषयाकडे येतो. बाईंचा सत्कार करताना अप्पांविषयी दोन शब्द बोलायलाच हवेत. अप्पा म्हणजे…

सुमित, पुन्हा वाजलं बघ. अरे, कमी कर.

अप्पा, कान झाकू नका, काही नाही. काही झालं नाही. बसा. दैवशाला बाई, तुम्ही खाली त्यांच्याजवळ जा. भाऊसाहेब, एक मिनिट मागतो.

सुमित, बंदच कर तो. आवाज कमी नको, बंद कर. त्या बॉक्सची वायर काढ.

हं. आता माझाच आवाज. येतो का मागे? मागच्या बाकावर हात वर करा. येतो.

खरं सांगू का, माइक बंद कर म्हणताना माझ्या मनात आधी अप्पा नव्हते. आधी हे आलं, की माइक नसला तर मागून जे मोबाइल माझ्याकडे रोखलेले आहेत, त्यांच्यात माझा आवाज नीट जाणार नाही. इतका मी भ्यालेलो आहे. आणि आता बघतो तर मागची पोरं ऐकू यावं म्हणून पुढे सरकतायत, मोबाइलसकट. या, बसा.

अप्पाराव म्हणजे आपल्या गावच्या गणपतीची आरती. आमच्यासारख्यांनी आरत्या पुस्तकातून पाठ केल्या नाहीत, अप्पांच्या तोंडाकडे बघून केल्या. टाळ असा धरायचे, की बाकीचे टाळ आपोआप त्यांच्या मागे यायचे. आता वय झालं. सकाळी जेवलेलं दुपारी आठवत नाही. लेकीला कधी आई म्हणतात, कधी काकू. लहानपणचं मात्र सगळं जागेवर आहे.

यंदा विसर्जनाची मिरवणूक त्यांच्या दाराशी थांबली. तिथं रस्ता वळतो, ट्रॅक्टर वळवायला वेळ लागतो, म्हणून दरवर्षीच थांबते. पूर्वी टाळ-मृदंग थांबायचे आणि अप्पा ओट्यावर उभे राहून आरती म्हणायचे. यंदा भिंतीएवढे बॉक्स थांबले. फळीवरची ताटं खाली पडली. बाई स्वयंपाकघरातून धावत आल्या तर अप्पा खुर्चीवर नाहीत. ते बाजेखाली होते. दोन्ही हात कानांवर, गुडघे पोटाशी. त्यांनी विचारलं, “काकू, रझाकार आले का?”

आपल्या भागातल्या घरांना हे समजावून सांगावं लागत नाही. निजामाच्या रझाकारांनी गावं लुटली त्या वर्षी अप्पा पाच-सहा वर्षांचे असतील. बंदुकीचा बार ऐकू आला, की त्यांची काकू त्यांना बाजेखाली ढकलायची आणि वर गोधडी सोडायची. यंदा त्या माणसाला वाटलं, तेच पुन्हा आलं.

बाईंनी तेवढंच स्टेटसला लिहिलं. संध्याकाळी, स्वतःच्या मोबाइलवरून, स्वतःच्या नावाने. ज्या देवाची आरती वडिलांनी जन्मभर म्हटली, त्याच्याच मिरवणुकीला भिऊन आज ते बाजेखाली शिरले आणि रझाकार आले का म्हणून विचारू लागले. देवाला हे आवडलं असेल का? त्यात मंडळाचं नाव नव्हतं, शाळेचं नव्हतं, कुणाचंच नव्हतं.

सकाळपर्यंत कुणीतरी त्यातला एक तुकडा कापून फिरवला होता. त्यात वडील नव्हते, बाज नव्हती. मिरवणूक आणि रझाकार, हे दोनच शब्द शेजारी शेजारी उरले होते. दुपारी मंडळाची पोरं भाऊसाहेबांच्या ओट्यावर होती. बाई गणपतीला रझाकार म्हणाल्या, असं ती सांगत होती. ही पोरं वाईट नाहीत. मी त्यांना शिकवलं आहे. उताऱ्यावरील प्रश्न सोडवताना पूर्ण उतारा वाचावा, हेही मीच शिकवलं होतं. ते लागू पडलं नाही.

भाऊसाहेब, आपण रागावला असाल तर आपला अधिकार आहे. आपल्यालाही लोक सांभाळावे लागतात, मी जाणतो. आपण बाईंना बोलावलं, तेव्हा शिक्षकांच्या वतीने मी हजर होतो. आपण शांतपणे म्हणालात, “बाई, माफीच्या दोन ओळी लिहून द्या. विषय संपला.”

बाई म्हणाल्या, “लिहिते भाऊसाहेब. पण कशाची लिहू? अप्पा भ्याले याची, का ते भ्याले हे मी सांगितलं याची?”

तेव्हा कुणीतरी म्हणालं, “बाई, पगार संस्थेचा अन् बोलणं तुमचं, असं कसं चालंल?”

बाई म्हणाल्या, “पगार शिकवायचा घेते. घरी अप्पांच्या तोंडाकडं पाहाते, त्याचा न्हाई घेत.”

माझ्यापुढे चहा होता. मी त्याच्यावर धरलेल्या सायीकडे बघत राहिलो. बाई घरी गेल्या. दुसऱ्या दिवशी रामप्रसाद सरांनी मला सांगितलं, की वैयक्तिक कारण लिहायचं ठरलं आहे.

मी यावर खूप विचार केला. देवघरात बसून केला. वडिलांपेक्षा वैयक्तिक काय असतं? तेव्हा हे शब्द खोटे नाहीत, असं मी स्वतःला समजावलं. आज इथं उभं राहिल्यावर ते समजावणं सैल पडलं. दैवशाला बाई स्वतःहून गेलेल्या नाहीत. त्यांनी आपल्या घरातली एक भीती चार लोकांना सांगितली, म्हणून त्यांची नोकरी गेली.

बोललो.

मी देवभोळा माणूस आहे. गणपतीवर माझी श्रद्धा दैवशाला बाईंहून तसूभर कमी नाही, आणि मंडळाच्या पोरांहूनही कमी नाही. तो देव आपल्या दाराशी आला आणि त्याचा म्हातारा टाळकरी बाजेखाली शिरला. त्या देवाला बाईंच्या लिहिण्याचा राग आला असेल, असं मला कितीही विचार करून वाटत नाही. मला भीती देवाची वाटत नाही. मला भीती उद्या सकाळच्या अकरा वाजताची वाटते, जेव्हा ऑफिसातून शिपाई येईल आणि म्हणेल, सर, बोलावलंय.

सुमित, तू तिथं वायर हातात धरून उभा आहेस. खाली बस बाळा. तुझ्यावर काही नाही. फक्त पुढच्या वर्षी त्या वळणावर, ट्रॅक्टर वळेपर्यंत, जे आत्ता केलंस ते कर. आरती अप्पा म्हणतील. विसरले तर आम्ही आहोत.

आणि मंडळी, पहिल्या रांगेकडे बघा. गडबड करू नका, नुसतं बघा. अप्पांनी कानांवरचे हात काढले आहेत. माइक बंद झाल्यापासून ते माझ्याकडे बघतायत. मी कोण, हे त्यांना ठाऊक नसेल. पण ऐकतायत. ही जी शांतता तुम्ही धरून ठेवली आहे, तिलाच बाई ताणलेला दोरा म्हणायच्या.

बाई, शाल आम्ही देतो आहोत, ती घ्या. तिचा रंग मी निवडलेला नाही, पण ऊब खरी आहे. तुम्हाला कुठंतरी वर्ग मिळो, पोरं मिळोत, आगपेट्या मिळोत, ही रेणुकाईच्या चरणी प्रार्थना.

अध्यक्ष महोदयांनी मला थांबवलं नाही, मी त्यांचा ऋणी आहे. पाच मिनिटांची वेळ मी केव्हाच ओलांडली, व्यासपीठावरील मान्यवरांची नावं क्रमाने घेतली नाहीत, चहा थंड होतोय हे दिसत असूनही बोलत राहिलो. या सगळ्याची हात जोडून माफी मागतो. बाकी जे बोललो, त्याची माफी उद्या ऑफिसात मागायला सांगितली तर मी काय करीन, हे मला या क्षणी ठाऊक नाही. दैवशाला बाईंना त्या दिवशी ठाऊक होतं.

आपण सर्वांनी शांतपणे ऐकून घेतलंत, धन्यवाद. टाळ्या वाजवू नका. अप्पा दचकतील.