डबलसीट चालणार नाही

— नाही, नाही, आधी पाय वर घ्या. दोन्ही. अहो मधवाले, थांबली की पाय टेकवायला ही काय स्कूटर आहे? सगळे स्कूटरवाले इथे येऊन हीच चूक करतात — गाडी जरा कलली की पाय खाली, आणि मागचं चाक नेमकं त्याच पायावर. ही एटीव्ही, डोंगरात चालवायची बाईक, हिला चार चाकं आहेत, ती तुमच्या पायाच्या भरवशावर उभी नाही. पाय त्या पट्टीवर ठेवायचे आणि तिथेच विसरायचे. हां, असं. गुडघे वाकलेत ना थोडे? कोपरं सैल? मग ही गाडी तुमच्या मापाची. गाडी कशी, चपलेसारखी निवडावी — दुकानातली सगळ्यात मोठी आहे म्हणून चप्पल घेतं का कोणी? पण डोंगरावर न्यायची म्हटली की सगळ्यांना दांडगीच हवी. ते पोल्ट्रीवाले आले होते ना, ‘बाई, सगळ्यात जबरदस्त दाखवा’ — दाखवली. बसले, तर टाचा अधांतरी, आणि चेहरा असा की घोड्यावर बसवलेला नवरदेव. हसू नका, तुम्हीही पहिल्या दिवशी तिच्याभोवतीच घुटमळत होतात.

अंगठा कुठंय? तो खटका हळू दाबायचा, स्कूटरसारखी मूठ पिळायची नाही. चढ लागला की पुढे झुकायचं, उताराला मागे सरकायचं, आणि आडव्या उतारावर अंग डोंगराकडे टाकायचं, दरीकडे नाही. अर्ध्या चढावर गाडीचा दम संपला तर वळायचं नाही. ब्रेक धरा, चढाच्या बाजूने खाली उतरा, मग काय तो विचार करा. घाबरलं की माणसाला आधी मागे फिरावंसं वाटतं, आणि तिथेच सगळं उलटतं. गाडी काय, संसार काय — जाऊ दे, ते राहू दे. तुमच्या मधाच्या पेट्या मागे बांधायच्या त्या एकावर एक रचू नका, एकच थर, पट्ट्याने घट्ट. जड वर गेलं की गाडीचा तोल जातो. डांबरी रस्त्यावर उगाच पळवू नका, ही चाकं मातीची आहेत. आणि हेल्मेट. मधाच्या पेट्यांजवळ घालता ती जाळीची टोपी नव्हे — हेल्मेट.

काय म्हणालात? मागच्या वेळी हे सगळं सांगितलं होतं? त्याच्याही आधी? सांगितलं असेल. सुरक्षेची गोष्ट परत सांगावी लागते. मग ही लाल गाडी तेव्हाच का नाही दाखवली? ती तेव्हा आली नव्हती. म्हणजे, आली होती — मागे ताडपत्रीखाली होती, पण पुसायची राहिली होती. इतके दिवस कोण पुसतं, असं बघू नका माझ्याकडे. ती काउंटरवर बसलीय ना, माझी नणंद, तिनेही हेच विचारलं, ‘वहिनी, त्या मधवाल्यांना गाडी विकायची आहे की नाही?’ विकायचीच आहे. दुकान कशासाठी उघडलंय? माझे हे गेल्यावर मीच तर चालवतेय. फक्त एकच आहे की ही गाडी मेली बिघडत नाही. एकदा घेऊन गेलात की परत कशाला याल तुम्ही? तसं काही नाही हो, आपलं धंद्याचं बोलतेय.

हो, सीट लांब आहे. बरं दिसतं ना? — डबलसीट? नाही, अजिबात नाही. ती लांब आहे ती तुम्हाला पुढेमागे सरकता यावं म्हणून. मागे माणूस बसला की तुम्हाला सरकायला जागा नाही, आणि चढावर पुढची चाकं उचललीच म्हणून समजा. एकट्याची गाडी आहे ही. का, मागे कोणाला बसवायचंय? बहिणीला? मुलगी तर लग्न करून लांब गेली म्हणालात. तीही नाही? अच्छा. म्हणजे — आहे कोणीतरी. असू दे की, चांगलंच आहे, एकट्या माणसाने डोंगरात किती दिवस काढायचे. आनंद आहे मला. तोंड उतरलेलं नाही माझं, दुकानातला उजेडच तसा आहे. थांबा, गाडीचे कागद करून टाकू तुमचे, उगीच खोळंबा झाला इतके दिवस —

काय? परत म्हणा. नणंदबाई, तुम्ही जरा आत जाऊन ते बोल्ट निवडा बघू. मोठे वेगळे, बारीक वेगळे. — मी? तुमच्या मागे? पेट्या बघायला ना? नुसत्या पेट्या बघायला नाही? कायमची म्हणताय? अहो, असं गाडीवर बसून विचारतात का हे — बरं, पाय काढू नका पट्टीवरून, बोलताना पण. नणंदेला विचारायला हवं. नको, तिचं ‘हो’ कधीचंच आहे, ती तिथे दाराआडून ऐकतेय. माझंच राहिलं होतं. ते झालं आता.

पण मागे मी बसायची नाही हं. नियम म्हणजे नियम, नवरा असला तरी. माझी गाडी वेगळी, आणि पुढे मी, कारण तुम्हाला अजून ब्रेक शोधावा लागतो. हेल्मेट घाला. पट्टा हनुवटीखाली, असा — थांबा, मी लावते. आता काही बोलू नका, बोललात तर मला हसू येईल, आणि हसत हसत मी चढ चढत नाही. चला. मागून या, अंतर ठेवून.

फार नको.