चवळीखाऊ

जेन्नेची गाडी भरायला अजून दोन माणसं हवी होती. अड्ड्यावर चहा उकळणाऱ्या रमाताचे कान बाकड्यावर बसलेल्या दोघांकडे होते. एक कोटातला म्हातारा आणि एक कलिंगडवाली आजी.

“जेन्नेत कोण आहे तुमचं?” आजीनं विचारलं.

“आता कुणी नाही, माई. उद्या सगळं गाव मातीची मशीद लिंपणार ना? म्हटलं, माझ्या हातची मूठभर माती अल्लाच्या घराला लागू दे.”

“कुठं होतात इतके दिवस?”

“फ्रान्सला, मार्सेयमध्ये. चोवीस वर्षं. दुकान होतं.”

“मग तोंड का असं उतरलंय?”

“गावात मला ओळखणार कोण?”

“आडनाव काय तुमचं?”

“कुलिबाली.”

“अगं बाई, चवळीखाऊ! तरीच म्हटलं, वास कुठून येतोय! सरक तिकडं. मी केइता आहे, तुझे सगळे वाडवडील आमचे गडी!”

“तुम्ही केइता? म्हणजे आमची चवळी चोरून खाणाऱ्या तुम्हीच!” केइता आणि कुलिबाली भेटले की एकमेकांना असंच चिडवायचं, ही तिथली पिढ्यांची रीत.

“बघा, जीभ शाबूत आहे हो याची! अरे, रडतोस काय?”

“तिकडं सगळे ‘साहेब, साहेब’ करायचे, माई. असं कुणी बोललंच नाही. पुन्हा एकदा म्हणा ना.”

आजीच्या आधीच रमातानं चहाचा पेला पुढं केला. तीही केइताच होती.

“घे रे चवळीखाऊ, गार होईल.”