त्याच्या आदी काय हुतं?

दूध कट्ट्यावर शांतव्वा गिऱ्हाइकांसमोरच म्हशीची धार काढत होती. तिचा नवरा बसाप्पा दावं धरून ऐकत होता. ग्लासासाठी थांबलेल्या प्राध्यापकांना आज शहाणपणाची उबळ आली होती.

“मावशी, एका महास्फोटातून सगळं विश्व झालं. विज्ञान सांगतं.”

“व्हय? मग स्फोटाच्या आदी काय हुतं?”

“आधी असं काही नव्हतंच. काळच तिथं सुरू झाला.”

“मग त्यो स्फोट झाला कशानं?”

“हा प्रश्नच चुकीचा आहे.”

बसाप्पा खदाखदा हसला. “सर, आडाकला की.”

“तुमी हसू नगासा. सरांना जग सुरू व्हायच्या आदीचं ठावं न्हाय. तुमी काल सांजच्याला कुठं हुता इचारलं, तर त्योबी प्रश्न चुकीचाच म्हनला.”

“म्हशीला पाणी दावून येतो.”

“मगाशीच पाजलंय. हितंच थांबा.”