अण्णांचे स्पीकर आणि आमची वाहवा

सन्माननीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरचे पाहुणे, आज ज्यांना निरोप देतोय ते आपले अण्णा आणि समोर बसलेल्या श्रोते बंधुभगिनींनो!

‘श्रोते’ म्हणताना जरा जीभ अडखळते. आपलं श्रवण मंडळ दर रविवारी जमतं खरं, पण ऐकतं का, याबद्दल मी सध्या गोंधळलोय. अध्यक्ष म्हणाले, “चिटणीस, थोडक्यात अण्णांचा गौरव करा.” करतो. पण आधी माझा घोळ ऐका.

आपल्या खोलीतले ते दोन उंच स्पीकर अण्णांनी स्वतः लाकूड कापून, तारा जोडून बनवले. गेल्या महिन्यात एका दुकानदारानं नव्या, भारी स्पीकरवर वाजणाऱ्या एका गायिकेच्या गाण्याचं रेकॉर्डिंग पाठवलं. ते आपण खोलीत लावलं आणि काय सांगू, नुसती वाहवा! डॉक्टरसाहेब म्हणाले, “अहो, बाई गाताना श्वास घेतात तोही ऐकू येतोय! आपल्या जुन्या खोक्यांत हे कुठलं?” लगेच ठराव झाला. नवे घ्यायचे, जुने विकून टाकायचे. अण्णा तेवढे म्हणाले, “विकायचे? आत्ता तर एवढी वाहवा केलीत!” आम्हाला वाटलं, रुसले.

घरी जाऊन मी हे सगळं रंगवून सांगितलं. आमची ही भाजी निवडता निवडता म्हणाली, “अहो, पण ते रेकॉर्डिंग ऐकलंत कशावर?”

कशावर म्हणजे? अण्णांच्याच स्पीकरवर! मग तो श्वास नव्यांनी ऐकवला, जुन्यांनी, की रेकॉर्डिंग करणाऱ्यानं? विचार करून डोक्याचा पार भुगा झाला हो!

काल नवे आले. म्हटलं, आता समोरासमोर सोक्षमोक्ष. डॉक्टरसाहेब म्हणाले नवे, त्यांच्या सौभाग्यवती म्हणाल्या जुने. मला बसल्यावर नवे आवडले आणि उभं राहिल्यावर जुने. शेवटी अण्णांनाच म्हटलं, “तुम्हीच निकाल द्या.”

अण्णा हसले. ते जे बोलले, ते त्यांना विचारूनच सांगतोय. “अरे, मला आताशा बारीक सूर ऐकूच येत नाहीत. म्हणून तर मी तुमच्याकडे तोंड करून बसतो, तुमचे चेहरे बघतो. त्या दिवशी तुम्ही सगळे असे खुललात की मला वाटलं, चला, जाता जाता पोरांनी आपल्या कामाला दाद दिली.”

मंडळी, मला काल रडू आलं. ती दाद त्यांच्याच कामाला होती हो! आणि ती देऊन झाल्याबरोबर आपण ते काम विकायला काढलं.

उद्या जुने न्यायला गाडी येतेय. ती मी रिकामी परत पाठवणार आहे. अध्यक्ष महोदय, हे ठरावाविरुद्ध आहे, माहीत आहे. मला काढून टाका हवं तर. कोणते चांगले, ते मला खरंच अजून कळलेलं नाही. पण अण्णांचे स्पीकर खोलीतून हलणार नाहीत.

अण्णा, लेकीकडे सुखानं राहा. आपण सर्वांनी माझी ही बडबड सोसलीत, आभारी आहे. बोलण्याच्या भरात काही कमी-जास्त झालं असेल, तर पोटात घाला. आणि आता टाळ्या वाजवाल, तेव्हा माझ्याकडे नको, अण्णांकडे बघून वाजवा. त्यांना तुमचे चेहरे दिसू देत.